तिसऱ्या हाकेआधी

खुरपायला बसलेल्या बायकांना गोष्ट लागते. गाणंही चालतं, पण गाण्याला दम लागतो, आणि श्रावणातल्या दमट उन्हात वाकून सोयाबीन खुरपताना दम आणायचा कुठून? म्हणून धारूरच्या घाटाखालच्या त्या गावात पातीवर, म्हणजे खुरपणाऱ्यांच्या रांगेत, गोष्ट सांगायची रीत आहे. एकीनं सांगायची, बाकीच्यांनी हात चालू ठेवून ऐकायची आणि त्यातल्या एकीनं वाक्यावाक्याला 'हं' म्हणायचं. हुंकार देणारी नसेल तर गोष्ट सांगूच नये म्हणतात.

यंदा सुंदररावांच्या रानात गोष्ट सांगत होती मंजुषा. बारावी झालेली, दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर, परमेश्वरबरोबर, ऊसतोडीला जाणारी, चार वर्षांच्या ईश्वरीची आई. तिची गोष्ट होती जपानची. कार्टूनच, पण लहान पोरांचं नव्हे. धारूरला कॉलेजात बरोबर असलेल्या अलमासनं तिला ते मोबाइलवर लावून दिलं होतं. हिंदीत बोलणारं, बर्फाच्या डोंगरांतलं, जादूगारणींचं आणि राक्षसांचं. शनिवारी नवा भाग यायचा. मंजुषा तो संध्याकाळी भाकरी थापता थापता बघायची आणि दुसऱ्या दिवशी पातीवर सांगायची.

तुम्ही म्हणाल, डोक्याला फडकं बांधून तण काढणाऱ्या बायकांना जपानच्या राक्षसाशी काय देणंघेणं? अहो, राक्षस, भूत, करणी यांचा जेवढा अनुभव आमच्याकडच्या बायकांना आहे तेवढा जपान्यांना सात जन्मांत यायचा नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मंजुषाला इतके प्रश्न विचारले की तिला तो भाग परत बघावा लागला.

राक्षसाचं नाव काहीतरी लांबलचक होतं. ते जिभेवर बसेना, म्हणून बायकांनी त्याचं म्हाळू करून टाकलं. गावात एक म्हाळू होताच, दारू पिऊन दिवसभर पुलावर बसणारा. हा राक्षसही पुलावरच बसतो म्हटल्यावर नाव पक्कं झालं.

तर हा म्हाळू पुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नावानं हाक मारायचा. पुलापलीकडच्या शहराला राजाच्या जादूगारांनी शिकवून ठेवलं होतं, की राक्षसाची हाक आली तर ओ द्यायची नाही. जो ओ देईल तो संपला. हाक आली की लोक घरात शिरायचे, भांडी वाजवायचे, पोरांच्या कानात कापूस घालायचे. आणि ओ न मिळालेल्या प्रत्येक हाकेला म्हाळूची शिंगं बोटभर वाढायची.

"शिंगं वाढत्यात?" चंद्रभागाबाईंनी खुरपं थांबवून विचारलं. चंद्रभागाबाई म्हणजे मंजुषाची सासू आणि पातीची मुकादमीण. "राक्षसाला शिंगं जन्माची असत्यात गं. उगवत न्हाईत."

"या राक्षसाची उगवत्यात, आत्याबाई."

"मग त्यो राक्षस कसला?"

त्याचं उत्तर पुढच्या काही भागांत आलं. म्हाळू आधी माणूसच होता, त्या पुलाचा राखणदार. धुक्यात पूल दिसायचा नाही, तेव्हा मोडक्या फळीकडं जाणाऱ्याला नावानं हाक मारून मागं वळवायचं, हे त्याचं काम. एकदा राजाचा पोरगा पुलावरून पडून मेला. दोष कुणावर तरी ढकलायचा होता. जादूगारांनी सांगितलं, याच्या हाकेनंच पोरगा पाण्यात गेला. आणि त्यांनी शहरावर जादू टाकली.

"जादू म्हंजे लिंबूबिंबू टाकला का?" कुणीतरी विचारलं.

"न्हाई. लिंबू न्हाई, बाहुली न्हाई, मंतर न्हाई. सगळ्यांनी मिळून गप बसायचं, यवढीच जादू. पन लई जालीम."

बायकांच्या डोळ्यांना पदर लागले. आपलं मूल असावं तशा त्या म्हाळूसाठी हळहळल्या. चंद्रभागाबाईंनी तर राजाच्या जादूगारांना अशा शिव्या घातल्या की बांधावरची पाखरं उडाली. खोटं नव्हतं ते रडणं. पण त्याच पातीवर, शेवटच्या काकरीत, पिकाच्या अगदी कडेच्या ओळीत, मध्ये एक काकरी मोकळी सोडून कौशल्याबाई खुरपत होती, आणि तिच्याकडं एकीचीही मान वळली नाही. माणसाचे डोळे भरून आले की त्याला समोरचं दिसत नाही, ते हे असं.

कौशल्याबाईचा नवरा जुन्या साथीत गेला. एकुलता एक मुलगा उसाच्या ट्रॉलीखाली गेला. त्याच वर्षी गल्लीतली दोन लेकरं तापानं फणफणली, त्यातलं एक वाचलं नाही. तालुक्याबाहेरून एक देवऋषी आणला. त्यानं सुपात तांदूळ मांडले, डोळे मिटले आणि सांगितलं, दारात बोरीचं झाड आहे, घरात बाई एकटी आहे. नाव घेतलं नाही. लबाड माणूस नाव कशाला घेईल? गावात दारात बोरी असलेलं आणि एकट्या बाईचं घर एकच होतं.

आता कायदा आहे, म्हणून तिला कुणी तोंडावर काही बोलत नाही, मारत नाही, घरातून काढत नाही. कायद्यात बसेल असं गाव काहीच करत नाही. गाव फक्त तिला उशिरा ओ देतं. जुन्या बायका सांगतात, चेटकिणीला सलग तीन हाका मारता येत नाहीत, दोन हाकांत तिचा जोर संपतो. म्हणून पहिल्या हाकेला गप राहायचं, दुसरीला गप राहायचं, तिसरी आली तरच ओ द्यायची. आधी ओ देणाऱ्या बाईचं लेकरू वाळत जातं.

कौशल्याबाईला हे ठाऊक होतं. ती हाकाच तीन मारायची, एका दमात, दुकानदाराला सुटे पैसे काढून द्यावेत तशा. "मंजे, मंजे, मंजे, पानी हाय का गं?" मग मंजुषा "हाय, मावशी" म्हणायची आणि लांबून तिच्या तांब्यात पाणी ओतायची.

मंजुषा शिकलेली होती आणि असल्या गोष्टींवर विश्वास नाही असं अलमासला सांगायची. पण ईश्वरीच्या आधीचं तिचं एक लेकरू उसाच्या फडात, मोळी उचलताना पोटातच गेलं होतं. ईश्वरीनंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आता पुन्हा जोखीम नको. एकच लेकरू पदरात असलेल्या बाईचं शिक्षण अशा जागी येऊन अडखळतं. ती तिसऱ्या हाकेची वाट बघायची. आपण वाट बघतो हे तिच्या लक्षातही येत नसे, इतकी सवय झाली होती.

आणि हुंकार? तो द्यायची कौशल्याबाईच. कुणी तिला नेमलं नव्हतं. गोष्ट ऐन भरात आली की बाकीच्या बायका 'हं' म्हणायच्या विसरून जात, तेव्हा एक दिवस शेवटच्या काकरीतून 'हं' आलं, बरोबर हवं तिथं. पुढच्या वाक्यालाही आलं. कुणी हरकत घेतली नाही. हुंकार काही हाक नव्हे, त्याला ओ द्यावी लागत नाही.

सगळ्या श्रावणात तिनं एकच प्रश्न विचारला. म्हाळूची शिंगं इतकी वाढली होती की त्याला मान उचलता येईना, तो भाग मंजुषा सांगत होती.

"त्याला ठाऊक हाय का," ती जमिनीकडं बघत म्हणाली, "आपली शिंगं कावून वाढत्यात ते?"

प्रश्न मंजुषाचं नाव न घेता, हवेत विचारलेला होता. मंजुषानंही उत्तर हवेतच दिलं. "न्हाई. त्याला वाटतंय, आपला आवाज लोकास्नी ऐकूच जात न्हाई."

"बरं हाय मग," कौशल्याबाई म्हणाली आणि खुरपू लागली.

शेवटचा भाग पोळ्याच्या आदल्या आठवड्यात आला. दुसऱ्या दिवशी बायका जरा लवकरच पातीला लागल्या. ईश्वरी बांधावरच्या कडुलिंबाखाली, भाकरीच्या गाठोड्यांपाशी खेळत होती. तिच्याजवळ एक काळं करडू बागडत होतं. ते कौशल्याबाईचं, तिच्या मागं मागं रानात यायचं. वारा घाटाकडून सुटला होता आणि पात शेततळ्याच्या अंगाला सरकत चालली होती.

शेततळं म्हणजे आमच्याकडचं नवं दैवत. जमिनीत मोठा खड्डा, त्यात काळा प्लास्टिकचा कागद, त्यात पाणी. उन्हाळ्यात ते बाग जगवतं हे खरं. पण त्या कागदावर शेवाळ धरलं की आत पडलेलं कुत्रंसुद्धा वर येत नाही, पाय ठरतच नाही. सुंदररावांनी भोवती तारेची जाळी लावली होती. मोटारीचा पाइप आत नेताना ती एका जागी कापली, आणि ती जागा तशीच राहिली.

मंजुषा रंगात आली होती. राजाची सगळ्यात लहान जादूगारीण, नाओ नावाची, म्हाळूला मारायला निघते. पुलाशी येते. धुकं असतं. हातातली काठी ती उगारणार, तेवढ्यात…

"तेवढ्यात म्हाळू तिला नावानं हाक मारतुया."

"मंजेऽ!"

हाक शेवटच्या काकरीकडून आली होती. बायकांच्या अंगावर सर्रकन काटा आला. एक तरणी सून खुदकन हसली आणि लगेच गप झाली. चंद्रभागाबाईंनी मान वर न करताच सांगितलं, "तू चालू ठेव."

"मंजे! अगं…"

पुढचं वाऱ्यानं नेलं. मंजुषाचे ओठ उघडले होते, पण जीभ हलली नाही. तिसरी आली की ओ देऊ, असं तिला वाटलं असावं, किंवा काहीच वाटलं नसावं. तिनं गवताची मूठ उपटली, बाजूला टाकली आणि गोष्ट पुढं नेली.

"मंग ती नाओ पुलाच्या पयल्या फळीवर पाय ठेवती."

हुंकारासाठी ती थांबली. हुंकार आला नाही.

"आन् फळी वाजती."

काहीच नाही. बिनहुंकाराची गोष्ट तिच्या तोंडात अडली आणि तिनं वर पाहिलं. शेवटच्या काकरीत खुरपं पडलं होतं, जवळ कुणी नव्हतं. तिनं लिंबाकडं पाहिलं. लिंबाखाली गाठोडी होती आणि ईश्वरी नव्हती.

मंजुषा कशी धावली ते तिला आठवत नाही. जाळीच्या कापलेल्या जागी करडू उभं राहून ओरडत होतं. आत, काळ्या कागदाच्या उतारावर, कौशल्याबाई गळ्याइतक्या पाण्यात होती. एका हातानं तिनं मोटारीचा पाइप धरला होता आणि दुसऱ्यानं ईश्वरीला खांद्यावर दाबून धरलं होतं. पाय घसरून ती पाण्याखाली जायची, पाइपाला ओढ देऊन पुन्हा वर यायची. प्रत्येक वेळी पोर मात्र वरच असायची. बाईच्या तोंडात पाणी होतं, ओरडायला श्वास नव्हता.

गवताचा भारा बांधायला आणलेलं चऱ्हाट कुणीतरी आणलं. मंजुषा उतारावर पालथी पडली, चंद्रभागाबाईंनी तिचे दोन्ही पाय छातीशी धरले, आणि बाकीच्यांनी चंद्रभागाबाईंना धरलं. ईश्वरी हाताला लागली. वर आली, खोकली आणि भोकाड पसरलं. त्या रडण्याइतकं गोड काही मंजुषानं आयुष्यात ऐकलं नव्हतं.

मग कौशल्याबाईला काढायचं होतं. आणि तिथं, सांगायला लाज वाटते, सगळ्या पातीचा हात एक क्षण थांबला. पालथं पडून तिचा हात धरायला कुणी पुढं झालं नाही. चऱ्हाट फेकलं. तिनं ते मनगटाला गुंडाळलं आणि बायकांनी ओढलं. वर आल्यावर ती कागदाच्या काठाशी बसून राहिली. मंजुषा पोरीला उराशी घेऊन बसली होती, तिला दुसरं काही सुचत नव्हतं. कौशल्याबाई थोड्या वेळानं उठली, करडाला पुढं घातलं आणि ओल्या लुगड्यानं घराकडं गेली.

पोरीला दवाखान्यात दाखवून आणलं, छाती साफ होती. संध्याकाळी चंद्रभागाबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी ईश्वरीची दृष्ट काढली. नातीवर त्यांचा फार जीव. त्या भ्याल्या होत्या, आणि जे माणूस भ्यालेलं असतं ते काहीही बोलतं.

"करडू कुनाचं व्हतं? तिचंच ना? करडानं पोरीला पान्याकडं नेलं. आधी पाडायचं आन् मंग काढायचं, म्हंजे गाव पाया पडंल."

"आत्याबाई, त्या बुडत व्हत्या."

"बुडाली का? न्हाई ना? आन् तू दोन हाकांला ओ दिली न्हाईस म्हनून लेकरू वाचलं, ध्यानात ठेव."

परमेश्वर दारात बसून होता. तो म्हणाला, "मंजे, आईच्या तोंडाला लागू नगस." मग उठला, तारेचं भेंडोळं घेतलं आणि जाळी बांधायला शेततळ्याकडं गेला.

मंजुषा चुलीपुढं बसली. म्हाळूवर कोणता आळ आला होता, ते ती स्वतःच्या तोंडानं सगळ्या पातीला सांगत आली होती. याच्या हाकेनंच पोरगा पाण्यात गेला. तेच वाक्य आता तिच्या घरात, तिच्या सासूच्या तोंडून आलं होतं, आणि सासू म्हाळूसाठी सगळ्यांत जास्त रडली होती. मग तिला दुसरी गोष्ट उमगली, आणि तिच्या हातातला पिठाचा गोळा परातीत पडला. कौशल्याबाई नेहमी तीन हाका एका दमात मारते. आज दोनच मारल्या. तिसरी हाक मारायला तिला वेळ नव्हता. तेवढ्या वेळात ती पाण्यात उतरली होती.

मंजुषा ढसाढसा रडली. सासूला वाटलं, पोरीच्या भीतीनं रडते.

कौशल्याबाई ताप येऊन घरी पडली. पातीवर गोष्ट बंद होती. एकीनं हुंकार द्यायचा प्रयत्न केला, पण तिचं 'हं' भलत्याच जागी पडायचं आणि मंजुषा मधेच गप व्हायची. पोळा झाला. त्यानंतर एका सकाळी कौशल्याबाई आली. शेवटच्या काकरीत बसली, मध्ये एक काकरी मोकळी सोडून. करडू तिनं घरीच बांधून ठेवलं होतं.

बायकांना आता शेवट हवा होता. "मंजे, तिनं म्हाळूला मारलं का गं?"

"न्हाई. काठी खाली केली. म्हाळूनं पुन्ना हाक मारली, आन् तिनं त्वांड उघडलं."

"मंग? ओ दिली का?"

"दावलंच न्हाई. तिथंच पडदा काळा झाला. पुढचं दोन वरसांनी येनार म्हनत्यात. आलं तर."

बायका भडकल्या. अर्धी कहाणी ठेवून गेले मेले, असं म्हणत त्यांनी सगळ्या जपानचा उद्धार केला. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "ती कशाला ओ दील? तिला काय जिवाची पर्वा न्हाई व्हय?" शेवटच्या काकरीतून 'हं' आलं नाही. तिथं फक्त खुरपं चाललं होतं.

ऊन चढलं. ईश्वरी आज लिंबाखाली नव्हती, आईच्या पाठीशी, पदराचं टोक धरून बसली होती. मंजुषानं मागं हात नेऊन तिचा पाय चाचपला. लहानसा, मातीनं भरलेला, गरम पाय.

"मंजे…" शेवटच्या काकरीतून आलं.

चंद्रभागाबाईंनी खुरपं टाकून सुनेचं मनगट धरलं. धरलं म्हणजे आवळलंच. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती, आणि त्या ईश्वरीकडं बघत होत्या. मंजुषाही भ्याली. अकरावी-बारावी काही मदतीला आली नाही.

"ओऽ मावशी!" ती मोठ्यानं म्हणाली. सगळ्या रानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

पातीवरची सगळी खुरपी थांबली. सवयीनं कौशल्याबाईच्या तोंडून दुसरी हाक निघालीच होती, ती "मं…" वर तुटली. तिनं मान वर केली. सगळ्या बायका तिच्याकडं बघत होत्या. ती मात्र एकट्या मंजुषाकडं बघत होती, डोळे बारीक करून, लांबचं ओळखू न आल्यासारखी.

"काय वो, मावशी? काय पायजे?" मंजुषानं विचारलं. सासूचा हात अजून तिच्या मनगटावरच होता.

कौशल्याबाईनं जवळच्या रिकाम्या तांब्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या हातातल्या खुरप्याकडं.

"इसरले गं," ती म्हणाली. "यवढ्यात कुनी ओ दील आसं वाटलंच न्हाई. कशाला हाक मारली तेच इसरले."